सव्वीस खुनांचं पुस्तक

हसू नका, पण मी गाण्यांचं पुस्तक आहे आणि माझ्या पोटात सव्वीस खून आहेत.

निळ्या कापडी पुठ्ठ्याचा, दोन बोटं जाड, कोपरे चांगले टणक. इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतले लोक पिढ्यान्‌पिढ्या जी गाणी म्हणत आले, ती गोळा करून मला छापलं. लोकगीतं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पेरणी, पाळणा, फार तर नणंद-भावजय. तसलंही आहे माझ्यात थोडं. पण माझा खरा माल निराळा. एका पानावर जमीनदाराच्या सुनेला तिचा दीर दगडाच्या खाणीत ढकलतो. दुसऱ्यावर सहा वर्षांनी परतलेला खलाशी बायकोच्या नव्या नवऱ्याला भरल्या ताटावर सुरा मारतो. एक सावत्र आई मुरंब्यात विष कालवते आणि वर स्वतःच्या हाताने पोराला भरवते.

चाली मात्र अशा गोड की तान्हं मूल झोपावं. वरच्या ओळीत मुडदा पडतो आणि खालच्या ओळीत कोरस म्हणतो, फुलं फुलली हो, फुलं फुलली. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? शेजारी पाककृतींची पुस्तकं असली की मी त्यांच्याकडे तुच्छतेने बघायचो. त्यांच्यात नुसता कांदा चिरतात.

एक गोरी संगीतशिक्षिका मला दुबईत घेऊन आली. ती निवृत्त होऊन मायदेशी गेली आणि मी तिच्या शाळेच्या जुन्या पुस्तकांच्या टेबलावर पडलो. तिथून मला उचललं दत्तप्रसादने.

हा दत्तप्रसाद मूळचा पुण्याचा. ऑफिस दुबई मरीनाला, काचेच्या इमारतीत तिसाव्या मजल्यावर. बिऱ्हाड अल मनखूलच्या जुन्या इमारतीत. बायको विभावरी आणि दहा वर्षांची शुभ्रा. घरात मराठी बोलून पोरीचे इंग्रजी उच्चार बिघडतात, ही त्याची कायमची काळजी. त्याने मला चाळलं. चित्रं होती मेंढरांची, चर्चची, नदीची. शब्द वाचायची तसदी त्याने घेतली नाही.

"विभावरी, हे बघ. फोक साँग्ज. एकदम प्युअर इंग्लिश. रोज हिच्याकडून पाठ करून घे, अ‍ॅक्सेंट कसा सुधारतो बघ."

विभावरीने उभ्या उभ्या पहिलं गाणं वाचलं. मग दुसरं. ती पुण्याला बँकेत अधिकारी होती. इथे नवऱ्याच्या व्हिसावर घर सांभाळत होती. तिचा आणि पोरीचा पासपोर्ट दत्तप्रसादच्या ऑफिसच्या कपाटात. तिला मी पहिल्याच दिवशी पुरता कळलो. पण ती काही बोलली नाही. त्या घरात न बोलणं हाच तिचा मोठा उद्योग होता.

शुभ्राला माझ्यातलं सगळ्यात आवडलेलं गाणं नावाड्याच्या बायकोचं. हातमोजे शिवणाऱ्याची मुलगी नावाड्याला दिलेली. तो तिला वल्ह्याने मारतो. पहिल्या कडव्यात पावाच्या भट्टीवालीला तिची किंकाळी ऐकू येते, ती खिडकी लावून घेते. दुसऱ्या कडव्यात गिरणीवाली ऐकते, तीही खिडकी लावून घेते. तिसऱ्या कडव्यात अगदी भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. आणि प्रत्येक कडव्यानंतर पालुपद, पाणी वाढतंय गं, पाणी वाढतंय. चौथ्या कडव्यात नावाडी तिला बुडवतो. पाचव्यात त्या तिघी कोर्टात येतात आणि धाय मोकलून रडतात, आम्ही ऐकलं होतं हो, आम्ही ऐकलं होतं.

पाहुणे आले की शुभ्राला उभं करायचं. ती गळा काढून बाई बुडवायची आणि दत्तप्रसाद डोळे मिटून मांडीवर ताल धरायचा. "काय क्लॅरिटी आहे!" पाहुणे म्हणायचे. घास तोंडात असताना गाण्याचे शब्द कोण ऐकतो?

त्या घरात मी आठ महिने होतो. तेवढ्यात चार वेळा मी खरा मार पाहिला.

पहिल्या वेळी मला वाटलं, हे तर आपल्याच घरचं काम. पण नाही. माझ्या गाण्यांत फटक्याला यमक असतं. इथे फक्त आवाज होता, ओल्या कपड्यासारखा, आणि मग श्वास ओढल्याचा. दत्तप्रसाद हिशेबी माणूस. दंडावर, पाठीवर, जिथे बाही आणि ओढणी झाकेल तिथे. कारणं काय तर शर्टाची कॉलर, आईला फोन केला नाही, ऑफिसातल्या साहेबाने मीटिंगमध्ये पाणउतारा केला. पुण्याहून फोन आला की विभावरी म्हणायची, "मजेत आहोत." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. शुभ्रा आतल्या खोलीत मला छातीशी धरून बसायची, आणि तिचं काळीज माझ्या पुठ्ठ्यावर धडधडायचं. माझा सगळा गर्व त्या धडधडीत विरघळला.

मग तो शनिवार आला. दत्तप्रसादचे ऑफिसातले सीनियर, निनाद, जेवायला आले होते. श्रीखंडपुरी झाली आणि शुभ्रा उभी राहिली. नावाड्याचं गाणं. निनाद मात्र कान देऊन ऐकणारे निघाले. गाणं संपल्यावर ते खो खो हसले.

"अरे दत्ता, पोरीला मर्डरची गाणी शिकवतोस? बायकोला मारून नदीत टाकलंय त्याने! शब्द तरी वाचलेस का?"

दत्तप्रसादही हसला. निनाद बूट घालून लिफ्टमध्ये शिरेपर्यंत हसत होता. मग त्याने दार लावलं.

"तुला माहीत होतं?"

"हो," विभावरी म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

मी टीपॉयवर होतो. त्याने मला उचललं आणि सगळ्या ताकदीनिशी फेकलं.

हे सांगताना मला लाज वाटते. मी वळू शकलो असतो तर वळलो असतो, पण पुस्तकाला वळता येत नाही. माझा टणक कोपरा तिच्या भुवईवर बसला. कातडी फाटली. मी उघडा होऊन तिच्या पायाशी पडलो आणि तिचं रक्त टपटप माझ्या पानांवर पडलं. त्याचं तेवढ्यावर भागलं नाही. त्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. शुभ्रा ओरडत होती, "स्टॉप इट, बाबा! प्लीज स्टॉप!" भिंतीला कान असतात म्हणतात. त्या भिंतीपलीकडे मीनाक्षीकाकू राहत होत्या, आणि पलीकडच्या टीव्हीचा आवाज एकदम मोठा झालेला मी स्वतः ऐकला.

जरा वेळाने दत्तप्रसाद म्हणाला, "किचनच्या कपाटाचं दार लागलं. कळलं?" विभावरीने मान हलवली. शुभ्राने मला टिश्यूने पुसलं, पण आतल्या दोन पानांमधलं रक्त तिला दिसलं नाही. ती पानं मिटली आणि सुकली.

त्यानंतर शुभ्रा गायली नाही. मला मात्र दप्तरात घेऊन हिंडायची.

अकरा दिवसांनी इमारतीतल्या बायकांचा भोंडला होता, मीनाक्षीकाकूंच्याच हॉलमध्ये. मधोमध पाट, पाटावर रांगोळीचा हत्ती, भोवती पंधरा-वीस बायका फेर धरून. पुरुष माणसं अजून ऑफिसातून आलेली नव्हती. विभावरी केस भुवईवर ओढून आली होती. जी ती विचारी, आणि तिचं ठरलेलं उत्तर, "अगं, कपाटाचं दार." सासूच्या जाचाची गाणी झाली, नणंदेची झाली, आणि बायका हसत हसत टाळ्या देत होत्या. म्हटलं, वा, माझे नातेवाईक इथेही आहेत. जाच गाण्यात असला की सगळ्यांना गोड लागतो.

"आता मुलांचं एखादं होऊ द्या," गिरिजा नावाची एक तरुण शेजारीण म्हणाली. "शुभ्रा, तुझं इंग्लिश गाणं म्हण ना!"

शुभ्राने आईकडे पाहिलं. मग दप्तरातून मला काढलं.

"मराठीत सांग गं बाई," मीनाक्षीकाकू म्हणाल्या. "आम्हाला काय कळणार!"

"ओके. एक बोटवाला असतो. तो वाइफला मारतो. मग एक बेकरीवाली ऐकते. ती विंडो बंद करते. आता तुम्ही म्हणायचं, पाणी वाढतंय गं, पाणी वाढतंय."

चाल सोपी होती. बायकांनी लगेच उचलली. फेर सुरू झाला, बांगड्या वाजल्या. दुसरं कडवं, गिरणीवाली, खिडकी बंद. पाणी वाढतंय गं, पाणी वाढतंय.

"मग नेक्स्ट डोअरची आंटी. एकदम वॉलच्या पलीकडची. तिला सगळं ऐकू येतं. तीपण बंद करते."

पाणी वाढतंय, असं बाकीच्या म्हणाल्या. मीनाक्षीकाकूंची टाळी हवेतच राहिली.

"मग पुढे काय होतं गं?" गिरिजाने विचारलं.

शुभ्राने पान उलटायचा प्रयत्न केला. नखाने ओढलं. "ओपन होत नाहीये," ती म्हणाली. "चिकटलंय. आईचं ब्लड आहे."

फेर थांबला. कुणाच्या हातातली टिपरी खाली पडली, ती घरंगळत सोफ्याखाली गेली.

"काहीतरीच काय, शुभ्रा," विभावरी हसायला गेली. तिला ते जमलं नाही.

मीनाक्षीकाकू पुढे आल्या. त्यांनी विभावरीच्या भुवईवरचे केस बाजूला केले आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मी ऐकलं होतं गं. त्या शनिवारी. आणि त्याच्या आधीही. मी टीव्ही मोठा केला. म्हटलं, नवरा-बायकोत आपण कशाला पडा."

विभावरी मटकन खाली बसली, रांगोळीच्या हत्तीवरच. आणि आठ वर्षांचं सगळं बाहेर आलं. ती रडत नव्हती. एकेक जागा दाखवत होती, दंड, मान, बरगडी.

तेवढ्यात बेल वाजली. दत्तप्रसाद होता.

"चला, यल्ला. झालं ना तुमचं? खलास करा आता."

कुणी हललं नाही. त्याने एका नजरेत मला पाहिलं, बायकोला पाहिलं, आणि आत येऊन तिचं मनगट धरलं.

"ती येणार नाही," मीनाक्षीकाकू मध्ये उभ्या राहिल्या.

"काकू, आमच्या घरचं मॅटर आहे."

"घरचं होतं तोवर मी गप्प बसले. तेवढंच पाप पुरे आहे."

त्याने साठीच्या त्या बाईला ढकललं. त्या खिरापतीच्या डब्यांवर पडल्या, कोपर फुटलं, खिचडी आणि काचा एक झाल्या. त्याने विभावरीला दारापर्यंत फरपटत नेलं आणि पंधरा-वीस बायकांसमोर तिच्या तोंडात मारली. दोनदा. मग गिरिजाने पोळपाट घेतला आणि त्याच्या गुडघ्यावर असा हाणला की तो जोड्यांच्या ढिगात बसला. बायकांनी त्याला घेरलं. कुणीतरी पोलिसांना फोन लावला होता.

पोलिसांत नबिला नावाची एक अधिकारी होती. तिने शुभ्राशेजारी बसून हिंदीत विचारलं, "बेटा, किस चीज़ से मारा था?"

शुभ्राने मला तिच्या हातात दिलं.

तेव्हापासून मी पोलीस ठाण्यात आहे, पारदर्शक पिशवीत, अंगावर अरबी चिठ्ठी. शेजारी एक सुरी आहे आणि एक फुटका मोबाइल. माझी आणि सुरीची फारशी बोलचाल नाही.

आणि इथे मी भ्यायलो, जन्मात पहिल्यांदा. कारण माझ्यासमोरच नबिला फोनवर कुणाला सांगत होती की ती बाई कदाचित तक्रार मागे घेईल. पुण्याहून दत्तप्रसादचे थोरले भाऊ सुदेश येऊन ठाण मांडून बसले होते. घराण्याचं नाव, पोरीचं पुढेमागे व्हायचं लग्न, त्याची नोकरी, तुमचा व्हिसा, सगळं काढून झालं होतं. विभावरी आणि शुभ्रा दुबईबाहेर, उम्म अल कुवैनला मीनाक्षीकाकूंच्या लेकीकडे राहत होत्या, आणि सुदेश रोज तिथे जाऊन दिराच्या मायेने सांगत होते, "विभावरी, आपसात मिटवू. झाकली मूठ सव्वा लाखाची." माझ्या सव्वीस बायका-पुरुषांपैकी एकालाही मी वाचवू शकलो नाही, त्यांचं सगळं छापून झालेलं होतं. ही एक अजून जिवंत होती. परत त्या घरात गेली तर किती दिवस राहील, हे मला कुणी शिकवायला नको.

मग आज सकाळी ती आली. सुदेश सोबत होते. त्यांनी तिच्यासाठी खुर्चीसुद्धा ओढली.

नबिलाने मला टेबलावर ठेवलं. "मॅडम, ये वही किताब है?"

"मॅडम, ये ज़रा घबरा गई है," सुदेश घाईने म्हणाले. "घर में कपाट का दरवाज़ा…"

"भावजी, जरा थांबा." विभावरीने पिशवीवर बोट ठेवलं, बरोबर माझ्या त्या कोपऱ्यावर. "यही है. मेरे पति ने मारी. और इससे पहले भी मारा है, बहुत बार. सब लिखिए. मैं धीरे धीरे बताती हूँ."

नबिलाने पेन उघडलं. विभावरी दोन तास बोलली. कुठेही थांबली नाही, फक्त एकदा पाणी मागितलं.

निघताना नबिलाने विचारलं, केस संपल्यावर किताब वापस चाहिए क्या? विभावरीने माझ्याकडे बघितलं.

"नहीं," ती म्हणाली. "ये घर में नहीं चाहिए."

बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. जाऊ दे, शुभ्राला गळा आहे, ती दुसरं काहीतरी गाईल. तुम्ही मात्र एवढं करा. पलीकडून आवाज आला तर माझ्यासारख्या निर्जीव वस्तूवर साक्ष सोपवू नका. तुम्हाला पाय आहेत. उठा आणि बेल वाजवा.