मोगऱ्याचं पाणी

शिवगंगा गेली तेव्हा ज्येष्ठ सरत आला होता. आठ दिवस ताप, त्यातले चार अंबाजोगाईच्या दवाखान्यात, आणि नवव्या दिवशी सकाळी ती लिंगैक्य झाली. बसवराजआप्पांनी करायचं ते सगळं केलं. जंगमांना निरोप धाडला, शेतात समाधीची जागा दाखवली, लातूरला दिलेल्या लेकीला, शिवांजलीला, आणायला गाडी पाठवली. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. माणसं म्हणाली, आप्पा खंबीर गडी आहे. आप्पांना वाटलं, असेल बुवा.

दिवसकार्य उरकलं. "माझ्याकडं चला," असं शिवांजली दोनदा म्हणाली. आप्पा "बघू" म्हणाले आणि लेक लातूरला परतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं. सिरसाळ्यात त्यांचं किराण्याचं दुकान, दुकानामागं घर आणि घरामागं शिवगंगाची बाग. चाळीस वर्षांत आप्पांनी ती बाग मागच्या दारातून पाहिलेली, तीही चूळ भरताना. पूजेच्या ताटात रोज बेल आणि पांढरी फुलं असायची. ती कुठल्या झाडाची, हे विचारायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. आता ताट रिकामं असायचं. आप्पा तळहातावर इष्टलिंग घेऊन बसत, भस्म लावत, पाणी वाहत आणि उठत.

आषाढातल्या एका सकाळी मागच्या दाराची कडी वाजली. दारात तुळजाबाई उभी होती, हातात परडी घेऊन. गल्लीच्या टोकाला राहणारी, साठी ओलांडलेली बाई. रोज सकाळी फुलं न्यायच्या निमित्तानं यायची आणि शिवगंगाबरोबर तासभर मातीत हात घालून बसायची. पाय सवयीनं इथवर आले होते. आप्पांना समोर पाहून तिला एकदम अवघडल्यासारखं झालं.

"जाते मी," ती म्हणाली.

"या की. फुलं न्या."

ती आत आली, पण फुलांना हात लावला नाही. कुंपणाकडच्या जुन्या शेवंतीपाशी थांबून खाली बघत राहिली.

"आप्पा, शेवंतीच्या काड्या लावायच्या राहिल्यात. आखाड सरल्यावर धरत न्हाईत त्या."

"मला काय कळतंय त्यातलं."

"तुमाला कळायचं काय काम हाय? मी सांगते, तुमी करा. माजे गुडघे गेलेत."

आप्पांनी धोतराचा सोगा खोचला आणि खाली बसले. वीतभर काडी तोडायची, खालची पानं काढायची, दोन बोटं खोल खोचायची, बुडाची माती दाबायची. गुदामात पोत्यांची थप्पी लावावी तशा त्यांनी चाळीस काड्या लावल्या. त्यात मन असं काही गुंतलं नाही. पण दुकान उघडेपर्यंतचा वेळ निघून गेला, आणि तो वेळच सगळ्यात अवघड जात होता.

मग रोजचं तेच झालं. तुळजाबाई ओट्यावर बसून सांगायची, आप्पा करायचे. श्रावणात बेलासाठी आणि तगरीसाठी बायकांची रीघ लागली. आप्पांनी मागचं दार उघडंच ठेवलं. भादव्यात गौरी आल्या. कुंपणाच्या कडेनं माजलेला आघाडा आणि तेरडा आप्पा तण समजून उपटायला निघाले होते. तुळजाबाईनं वरच्यावर हात धरला. "गौरीला काय घालावं मग बायकांनी?" आप्पांनी विळा ठेवून दिला. बायका परड्या भरून गेल्या. जाताना कुणी ना कुणी शिवगंगाचं नाव काढायची. आप्पा मान हलवायचे. दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट ऐकावी, तसं ते त्यांच्या कानावरून जायचं.

झेंडूचं मात्र चुकलं. शेंडे खुडा, म्हणजे रोप फुटतं, असं तुळजाबाईनं सांगून ठेवलं होतं. आप्पांनी खुडले, पण गौरी उठल्यावर. दसऱ्याच्या सकाळी बायका आल्या तर झाडावर नुसत्या हिरव्या कळ्या. सगळ्यांनी बाजारातून फुलं आणली. झेंडू फुलला तो दिवाळी उलटल्यावर, तोरणं वाळून गेल्यावर. सगळा वाफा केशरी झाला होता. आप्पांनी तो पाहिला आणि दुकानात जाऊन बसले.

"आक्का गौरीच्या आदी खुडायची," तुळजाबाई म्हणाली. शिवगंगाला ती आक्का म्हणायची.

"हां," आप्पा म्हणाले.

त्याच आठवड्यात तिच्या घराची निघायची वेळ झाली. दोन्ही लेक आणि दोन्ही सुना दरवर्षी कोयता घेऊन सांगलीकडं ऊस तोडायला जायचे, आणि तुळजाबाई नातवंडं सांभाळायला सोबत. गाव निम्मं रिकामं व्हायचं. यंदा धाकट्या सुनेला दिवस गेले होते, त्यामुळं तुळजाबाईनं मागं राहायचा प्रश्नच नव्हता. ट्रॅक्टर दारात उभा असताना ती आप्पांकडं येऊन गेली.

"गुलाब छाटून घ्या आता. शेवंतीला पाणी बेतानं. आन पौष लागला की मोगऱ्याचं पाणी तोडा. पाचीच्या पाची झाडांचं. पानं ओरबाडून काढा, काड्या आखूड करा. ताण बसल्याबिगर मोगरा फुलत न्हाई. पाणी कवा सोडायचं ते मी फोनवर सांगते."

"बरं."

"एकलं वाटलं तर लेकीकडं जावा चार दिस."

"दुकान आहे," आप्पा म्हणाले.

मार्गशीर्षात शेवंती फुलली, पिवळी आणि पांढरी. गुरुवारच्या घटाला बायका ती न्यायच्या. तुळजाबाईचा फोन आठ-दहा दिवसांनी यायचा. मागं नातवंडांचा कालवा, कुठंतरी ट्रकचा भोंगा. ती विचारायची, शेवंती कशी हाय, थंडी हाय का, जेवता का. आप्पा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायचे. शिवांजली रोज फोन करायची, तिला ते "बरं आहे" एवढंच सांगायचे. खोटं नव्हतं ते. बरंही नव्हतं आणि वाईटही नव्हतं. भाकरी खाल्ली की नाही, हे त्यांना भांडं बघून कळायचं.

पौष लागला. आप्पांनी मोगऱ्याचं पाणी तोडलं, पानं ओरबाडली, काड्या गुडघाभर ठेवल्या. पाच झाडांचे पाच झाडू झाले. मग ते तुळजाबाईच्या फोनची वाट पाहू लागले. संक्रांत गेली. फोन आला नाही. पौष सरला, माघ लागला. आप्पांनी एकदा तिचा नंबर लावला, तो बंद लागला. त्यांनी फोन खिशात ठेवला. ती सांगेल तेव्हा पाणी सोडायचं होतं. तिनं सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ते बाकीच्या झाडांना पाणी घालायचे आणि मोगऱ्यावरून पुढं जायचे. जमीन भेगाळली. काड्या करड्या पडल्या. आप्पांना ते दिसत होतं, पण पुढचा विचार मनात येतच नव्हता.

महाशिवरात्रीला बेलासाठी गर्दी झाली. त्यात समोरच्या घरातली सारजाबाई होती. ती मोगऱ्यापाशी थांबली, एक काडी वाकवून पाहिली. काडी कट्कन मोडली.

"आप्पा, कावून वाळवला हो मोगरा? वैनींनी किती जपला होता."

बायका गेल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तुळजाबाईच्या दाराला कुलूप होतं. ते असणारच होतं, ते काही आज घातलेलं नव्हतं. तरी आप्पा कुलुपाकडं बघत राहिले. ही बाईही गेली असेल, हा विचार त्यांना तिथं, उन्हात उभं असताना पहिल्यांदा आला, आणि त्यांनी भिंतीला हात टेकला.

शेजारच्या गोठ्यातून तिचा दीर, धोंडीराम, बाहेर आला. गुरं सांभाळायला तो मागं राहायचा.

"आप्पा, तुमी इकडं?"

"तुळजाबाई कशी आहे?"

"बरी हाय की. फोन पडला तिचा उसाच्या फडात, घावलाच न्हाई. आन धाकली बाळंत झाली तिथंच कोपीत, पाचटाच्या झोपडीत. पोरगी हाय. त्यातच गुतलीया बाई. पाडव्याला येतेत सगळे."

आप्पा पायरीवर बसले. धोंडीरामानं तांब्याभर पाणी आणून दिलं. ते प्यायल्यावर आप्पांनी मोगऱ्याचं विचारलं. किती दिवस झाले, ते ऐकून धोंडीरामानं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "ताण म्हैना-सव्वा म्हैना द्यायचा असतो, आप्पा. तुमी दोन म्हैने दिला. आजच पाणी सोडा. जगलं ते जगलं."

आप्पांनी तसंच घरी येऊन आळी उकरली आणि बादलीनं पाणी घातलं. मातीनं ते आवाज करत ओढून घेतलं. दुकान त्या दिवशी दुपारपर्यंत बंद राहिलं. शेणखत घातलं, दिवसाआड पाणी दिलं. पंधरा दिवसांनी तीन झाडांना तांबूस फुटवे दिसले. उरलेल्या दोन झाडांना आप्पा आणखी आठ दिवस पाणी घालत राहिले. मग बुडाजवळ नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं. त्यांनी ती उपटली नाहीत.

पाडवा झाल्यावर दोन दिवसांनी तुळजाबाई आली. उन्हानं काळवंडलेली, अंगानं निम्मी झालेली, आणि कडेवर फडक्यात गुंडाळलेली नात. तीन झाडांवर कळ्या धरल्या होत्या.

"दोन गेले," आप्पा म्हणाले.

"तीन हायत की."

एवढं म्हणून ती ओट्यावर बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि रडू लागली. मोठ्यानं नाही, पण थांबेचना. "आक्का गेली तवा मला रडायला बी सवड घावली न्हाई," ती मध्येच म्हणाली. "आदी पेरणी, मग दसरा, मग कोयता. तिकडं धाकलीच्या येळंला रातभर आक्काचीच सय येत होती." आप्पा शेजारी उभे राहिले. पोरगी कुरकुरायला लागली, तेव्हा त्यांनी वाकून तिला उचललं आणि बागेतून फिरवत राहिले. तुळजाबाईचं रडणं संपेपर्यंत त्यांनी कुंपणापर्यंत चार फेऱ्या मारल्या. मग तिनं तोंड धुतलं आणि निशिगंधाचे कांदे काढून पुन्हा लावायला पाहिजेत, असं सांगून ती गेली.

दुपारी शिवांजलीचा फोन आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"आप्पा, बरं आहे ना?"

"तुझ्या आईचे दोन मोगरे गेले," आप्पा म्हणाले.

"कशानं?"

"माझ्या हातानं. पाणीच घातलं नाही मी. रोज तिथनंच जात होतो, बाई. हातात बादली घेऊन जात होतो."

फोन कानाला तसाच राहिला आणि शर्टाच्या बाहीनं ते पुन्हा पुन्हा तोंड पुसत राहिले. पलीकडून शिवांजलीनं फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळानं एक बाई अर्धा किलो साखर मागत आली. आप्पांनी लेकीला "थांब जरा" म्हटलं, फोन गल्ल्यावर उताणा ठेवला आणि साखर मोजायला उठले.