हाकेला वळणारा डोंगा

“अबे, वासुदेवराव बुडून राहिला! डबा आन, डबा!”

धरणाच्या पाण्यावरून हाक आली आणि काठाची उतरण उतरणारी रक्षा जागच्या जागी थिजली. वासुदेवराव म्हणजे तिचे वडील. ते गेल्याच महिन्यात वारले होते. नागपूरच्या दवाखान्यात, कोरड्या पांढऱ्या चादरीवर. पाण्याशी त्यांच्या मरणाचा काही संबंध नव्हता.

“बुडत नाही, थोडासाक झिरपून राहिला,” दुसरा आवाज हसत म्हणाला. “बुड कच्चं हाय त्याचं!”

रक्षाने हातातली पिशवी गच्च आवळली. पिशवीत वडिलांचे ब्रश होते. गोसीखुर्दच्या पाण्याकाठी नव्याने वसवलेल्या या गावातून मासेमार हेमराजचा फोन आला होता, “ताई, नवा डोंगा घेतला. बाबूजीच्याच ब्रशानं नाव लिहू म्हणतो.” त्यात नाही म्हणण्यासारखं तिला काही वाटलं नव्हतं. वासुदेवराव पवनीचे पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पोटासाठी रंगवायचे, आणि मासेमारीच्या या लहान लाकडी डोंग्यांवर हौसेने नावं घालायचे.

धरण भरलं, भाताच्या बांध्या पाण्याखाली गेल्या आणि ज्यांनी जन्मभर धान लावलं त्यांनी हातात वल्ही घेतली. पाणी इतकं पसरलेलं की हाक मारल्याशिवाय कोण कुठे आहे ते कळायचं नाही. पण पाण्यावर माणसाला नावाने हाक मारायची नाही, असा इथला दंडक. पाणी ते नाव ऐकतं आणि मग त्या माणसाला मागून घेतं. म्हणून हाक मारायची ती डोंग्याला. सुरुवातीला सगळ्यांनी एकाच देवीचं नाव ठेवलं, तेव्हा एका हाकेला अर्धं धरण वळायचं. मग लोक नावासाठी वासुदेवरावांकडे यायला लागले, आणि ते रंग कालवता कालवता सल्ले द्यायला.

“देवाचं ठेवू नको. चिखलाचे पाय त्याच्यात ठेवशीन, मंग झोप लागन काय? बायकोचं त बिलकुलच नको. ‘जुनी झाली, आता नवी पाहा लागन’ असं डोंग्याले बोलशीन अन् आयकन ते घरात. पुढाऱ्याचं ठेवशीन त दर निवडणुकीले रंग नवा. ‘वायुवेग’ पाहिजे? मंग वल्हवून दाखव आधी. बगळा-ढोकाचं नाव ठेवू नको, मासोळ्या आयकून पळतीन.”

त्यांच्या सल्ल्याने एक डोंगा ‘आंबील’ झाला होता, एक ‘थांब जरा’. खुशालच्या डोंग्याचं नाव ‘सासुरवाडी’. घरी जायला उशीर झाला तर कुठे होतो ते खरं सांगता येतं, म्हणून.

आणि शेवटी परीक्षा. वासुदेवराव स्वतः काठावर उभे राहून हाक मारत. तेवढा एकच डोंगा वळला पाहिजे. दुसऱ्या कोणी मान फिरवली की नाव रद्द. ब्रश त्यानंतर ओला व्हायचा.

तो झिरपणारा डोंगा काठाला लागला. हेमराज पाणी उपसायचा डबा आत टाकून उतरला, चाळिशीचा, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

“माझ्या वडिलांचं नाव ठेवलंत?” रक्षाने विचारलं.

“हो जी, ताई. म्हनजे ठेवाचा इचार हाय. पोट्ट्यायनं आताच बोलाले सुरुवात केली.” त्याने डोकं खाजवलं. “जित्या माणसाचं ठेवू नोका म्हनत बाबूजी. मेलेल्याचं काई बोलले नाही.”

“अन् मेलेल्याले पानी काय मागन?” काठावर जाळं सांधत बसलेली म्हातारी गोदावरीबाई मान वर न करता म्हणाली. “ते त गेले.”

रक्षाला कोणीतरी फाडकन थोबाडीत मारल्यासारखं झालं. नागपूरला महिनाभर सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. मेले हा शब्द कोणी उच्चारला नव्हता, तिनेही नाही. आणि इथे भर उन्हात, गळक्या बुडाच्या आणि डब्याच्या गोष्टींत तो असा सहज येऊन पडला होता.

“नाही,” ती म्हणाली. “उद्या म्हणाल वासुदेवराव उलटला. परवा म्हणाल वासुदेवराव सडला, फोडून चुलीत घाला. मला नाही ऐकवणार ते. ब्रश मी देणार नाही.”

जाळ्यातली सुई थांबली. हेमराज पायाने चिखल सारखा करत राहिला.

“तुमची मर्जी, ताई. घरच्याचा होकार नसन त आमी नाही ठेवत. पन मंग दुसरं नाव तुमीच सांगा. बाबूजीच्या जागी आता कोन हाय?”

रक्षा वाचनालयात नोकरी करत होती. आयुष्य पुस्तकांत गेलं होतं. त्या क्षणी तिला एकही शब्द आठवेना.

“बाबूजी,” ती शेवटी म्हणाली. “नुसतं बाबूजी लिहा.”

“हाक मारून पाहा लागन,” गोदावरीबाई म्हणाली. “रीत ते रीत.”

हेमराजने डोंगा पाण्यात लोटला आणि दूर, बाकीच्या डोंग्यांमध्ये, पाठमोरा जाऊन बसला. रक्षा काठावरच्या सपाट दगडावर उभी राहिली. तो दगड कोणाचा, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

“बाबूजी!”

‘सासुरवाडी’ वळली. ‘आंबील’ वळला. ‘थांब जरा’वरच्या माणसाने दचकून वल्हं पाण्यात पाडलं. हेमराजही वळला. त्या पाण्यावरचा एकूण एक माणूस कोणाचा तरी बाबूजी होता.

“काय झालं वो?” खुशाल ओरडला. “माही पोरगी आली काय?”

गोदावरीबाई हसता हसता पुढे वाकली, जाळं मांडीवरून घसरलं. “रद्द! रद्द झालं, बाप्पा!”

रक्षाला हसू आलं नाही. पण वासुदेवराव या दगडावर असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं, हे तिला नाकारता येईना. नियम त्यांचाच होता, आणि तो त्यांनी कधी कोणासाठी वाकवला नव्हता.

वडिलांचं नाव कोणी विचारलं तर तिने सांगितलं होतं. त्या नावाने त्यांना हाक मात्र कधी मारली नव्हती. कोणती मुलगी मारते? तिने पदराशी चाळा केला, पाण्याकडे पाहिलं. हेमराज पुन्हा पाठमोरा बसला होता.

“वासुदेवराव!”

आवाज पाण्यावरून लांब गेला आणि पलीकडच्या काठाला लागून परत आला. रक्षाने घाबरून तोंडावर हात ठेवला, भलतंच बोलून गेलेल्या पोरीसारखा. पाण्यावर कोणी हललं नाही. खुशाल जाळ्यातली मासोळी सोडवत होता, त्याने मानही उचलली नाही.

मग एक डोंगा वळला. एकच. अंगात शिरलेल्या पाण्याने जड झालेला, सावकाश, तिच्याच दिशेने यायला लागला.

तो काठाला लागेपर्यंत ती बघत राहिली.

तिने ब्रशांची पिशवी गोदावरीबाईच्या मांडीवर ठेवली, पाण्याच्या कडेला आली आणि देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा वाकून चपला काढल्या.

“चपला कायले काढता, ताई?” हेमराज म्हणाला. “अंदर घोट्याइतकं पानी हाय.”

“माहीत आहे,” रक्षा म्हणाली. “तो डबा द्या इकडे.”