प्रेसिडेंट ट्रेडवेल आणि चेरीचा जॅम

मिस डुबेक यायची गुरुवारी, पण ऑरिन पेल्टझर दाढी रोज करायचा. न जाणो, एखादा गुरुवार आधीच उगवला तर.

ती प्रेसिडेंट ट्रेडवेल यांच्या नावाने बांधलेल्या ग्रंथालयातली. ज्यांनी प्रेसिडेंटना जवळून पाहिलं त्यांच्या आठवणी टेपवर घेणं, हे तिचं काम. अशी माणसं एकेकाळी पोत्याने सापडत. निवडून आलेल्या माणसाला सगळ्यांनीच जवळून पाहिलेलं असतं. आता मात्र ओटर काउंटीत एकटा ऑरिन उरला होता. ट्रेडवेल पहिल्यांदा अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांची गाडी हाकणारा आणि सभेत टाळ्यांना सुरुवात करून देणारा तो हाच. ट्रेडवेलनी पुढे देश चालवला, गाडी मात्र त्यांना शेवटपर्यंत चालवता आली नाही, हे ऑरिनने पहिल्याच बैठकीत टेपवर सांगून टाकलं होतं.

शेवटच्या बैठकीला त्याने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. घरात तिसरं कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मांजरही शेजाऱ्यांकडेच जेवायचं.

"आता जे सांगतो ते बंद ठेवायचं," तो म्हणाला. "आजवर कुणापाशी बोललो नाही."

आणि त्याने जत्रेतल्या जॅमची हकीकत सांगितली. काउंटीच्या जत्रेत बायकांच्या जॅमची स्पर्धा असे आणि परीक्षक म्हणून उमेदवाराला बसवत. ट्रेडवेल यांचं पोट त्या दिवशी पार बिघडलेलं. मग त्यांनी चमचा तोंडाशी न्यायचा, शिंक आल्यासारखा रुमाल लावायचा, जॅम रुमालात सोडायचा आणि डोळे मिटून "वा!" म्हणायचं, असं ठरलं. एकही जॅम त्यांच्या पोटात गेला नाही. पहिला नंबर ऑरिननेच ठरवला: विरुद्ध पक्षाच्या बायकांची पुढारी हेझल थॉर्नक्विस्ट हिच्या चेरीच्या जॅमला. तेवढ्याने तिकडच्या बायका जरा मवाळ होतील, हा हिशेब.

"आणि तो रुमाल मी धुतला," ऑरिन म्हणाला. "राजकारणात कुणालातरी धुवावाच लागतो."

मिस डुबेक हसली नाही. हसू टेपवर येतं.

"मिस्टर पेल्टझर, बंद ठेवायचं तर कुणासाठी? कुणी हयात माणूस दुखावला जाणार असेल तरच आम्हाला भाग बंद ठेवता येतो."

"सिनेटर हॅल्वरसन आहे की. त्याची बहीण दुसरी आली होती."

"ते वारले. बहीणही."

"जत्रेचा अध्यक्ष?"

"तेही."

"वर्तमानपत्राचा मालक? भारी रागीट माणूस!"

"मिस्टर पेल्टझर, वर्तमानपत्रही वारलं."

इतकी वर्षं ऑरिन रिकाम्या घरावर पहारा देत होता आणि हे त्याला कुणी कळवलंही नव्हतं. दुखवायला एक माणूस शिल्लक नसावा? याहून एकटेपण ते काय!

"आठवडाभर थांबा," तो म्हणाला. "एखादं तरी सापडेल."

त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. काही नंबर बंद होते, काही ठिकाणी नातवंडं बोलली. एका पोराने तर "ट्रेडवेल म्हणजे ते ट्रॅक्टरवाले का?" असं विचारलं. शेवटी काउंटीच्या वृद्धाश्रमातून एक खरखरीत आवाज आला.

"कोण पेल्टझर? अरे, तू अजून आहेस? तुमच्या पक्षाची माणसं कधी वेळेवर जातच नाहीत!"

"हेझल," ऑरिनला एकदम हुरूप आला, "तू कशाने दुखावशील का?"

"मी? मला इथे सगळे 'गोड आजी' म्हणतात. मला दुखवायला कुणाला सवड आहे? बोल, बोल. काय ठेवलंयस पोटात?"

"तो तुझा चेरीचा जॅम. पहिला नंबर आलेला."

फोनवर मोठं खोकल्यासारखं काही झालं. ते हसू होतं.

"मेल्या, त्यात मी मीठ घातलं होतं! चांगलं ओंजळभर! फोटोवाला उभा करून ठेवला होता. म्हटलं, हा माणूस तोंड वेडंवाकडं करील आणि उद्या फोटो साऱ्या काउंटीभर जाईल. आणि तुझ्या ट्रेडवेलने काय केलं? डोळे मिटून 'वा' म्हणाला! पापणी हलली नाही रे. माझी लाज राखायला वर पहिला नंबर दिला. त्याच दिवशी मी ओळखलं, हा माणूस लांब जाणार."

ऑरिन फोनजवळच्या खुर्चीत बसला.

"ऐक," तिने आवाज बारीक केला, "तो प्रेसिडेंटला उभा राहिला ना, तेव्हा मी त्यालाच मत दिलं. दोन्ही वेळा. आमच्या ह्यांना ते जाईपर्यंत कळलं नाही. जन्मभर त्या पक्षाच्या नावाने बोटं मोडली, पण असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बरं, तू काय विचारत होतास?"

"काही नाही," ऑरिन म्हणाला. "जॅम फार खारट होता का, तेवढंच. ते कधी बोलले नाहीत."

"बोलणार कसे? सभ्य माणूस!"

गुरुवारी त्याने मिस डुबेकला दारातच सांगितलं, "सापडलं एक माणूस. हयात आहे. चांगलं दणदणीत दुखावेल."

तो भाग हेझल थॉर्नक्विस्ट हयात असेपर्यंत बंद झाला. मिस डुबेकचं येणंही त्याबरोबर बंद झालं. पण हेझल आता रविवारी फोन करू लागली. तुमच्या पक्षाने देशाचं कसं वाटोळं केलं ते सांगायची, मग आश्रमातल्या सुपाला नावं ठेवायची आणि शेवटी जॅमवर यायची. "पापणी हलली नाही रे!" ऑरिन म्हणायचा, "नाही हलली." तसं पाहिलं तर खोटं नव्हतं ते.

पुढे काही रविवार फोन आला नाही. आश्रमाचा फोन बिघडला असेल, आवाज बसला असेल, अशी कारणं त्याने स्वतःला पुरवली. आपण होऊन मात्र फोन केला नाही. दाढीही राहू लागली. मग एका सकाळी फोन वाजला. मिस डुबेक होती.

"मिस्टर पेल्टझर, नियमाप्रमाणे कळवते. तुमचा तो बंद भाग आता खुला झाला आहे."

ऑरिनने रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

"मला कोण कळवणार? मी विरुद्ध पक्षाचा." त्याने वाढलेली दाढी खाजवली. "कुणी ऐकायला मागितला का तो भाग?"

"अजून नाही."

"मागतील का?"

"संशोधक येतात अधूनमधून. हिवाळ्यात जरा कमीच."

"पुन्हा बंद करता येईल?"

"आता कुणासाठी, मिस्टर पेल्टझर?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मांजर शेजाऱ्यांच्या ओट्यावर ऊन खात बसलं होतं.

"बरं, राहू दे उघडा," तो म्हणाला. "पण कुणी विचारलंच, तर एवढं सांगा, की ट्रेडवेलनी तो जॅम खाल्ला होता. सगळा चमचा."

"पण टेपवर तर तुम्ही स्वतःच—"

"त्याचं काय मनावर घेता! सांगणारा म्हातारा होता म्हणावं. त्याला नीट आठवत नव्हतं."