पुढल्या सालाचं सूत

या, असे अलीकडे सरकून बसा. पंखा तिकडे आहे खरा, पण माझा घसा आता लांबवर पोचत नाही, आणि ही हकीकत मला ओरडून सांगायची नाही. मनोरीची एक कोळीण आणि अंधेरीचा एक विद्वान, अशी दोघांची गोष्ट आहे. मन लावून ऐकलीत तर उठताना पस्तावणार नाही, एवढं वचन देतो.

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. जो तो देशाचा विकास मोजायला निघाला होता. त्यातलीच एक संस्था अंधेरीला एका पारशाच्या जुन्या बंगल्यात भाड्यानं राहत होती. नाव लांबलचक, अर्थशास्त्राच्या संशोधनाचं. मी तिथे टाइपरायटरवर होतो. संध्याकाळी सुटलो की घरी न जाता मी तसाच देवळात कीर्तनाला जाऊन बसे, म्हणून ही मंडळी मला थट्टेनं ‘बुवा’ म्हणत. मला त्यात काही लागत नसे. या पदव्यांपेक्षा ती पदवी बरी.

संस्थेचे प्रमुख डॉक्टर शरच्चंद्र पळसुले विलायतेत शिकून आलेले. हुशार माणूस, त्यात वाद नाही. पण आमच्या देवळात कीर्तनकार बुवा उभे राहिले की आधी नारदाच्या गादीला हात जोडतात, मग श्रोत्यांना, मग तोंड उघडतात. डॉक्टर व्याख्यानाला उभे राहिले की आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, मग फळ्याकडे. श्रोत्यांकडे बघायची पाळी येईतो चहा आलेला असे. टाळ्या पडत, पण त्या चहाला असाव्यात असं मला नेहमी वाटे.

त्यांचा एक सिद्धांत होता. गरीब माणसाला ‘उद्या’ दिसत नाही. हातात पडेल ते तो आज संपवतो, थांबणं त्याला ठाऊक नाही, आणि म्हणून तो गरीब राहतो. हा सिद्धांत त्यांनी येताना बोटीवरच लिहून पुरा केला होता. आता फक्त गरीब माणसं तेवढी शोधायची राहिली होती. ती मनोरीला सापडली.

प्रश्न मोठा अकलेनं काढलेला. नुसतं विचारलं तर लोक काहीही सांगतात, म्हणून खरी वस्तू पुढे ठेवायची. कोळ्याला जाळ्याचं सूत लागतंच. तेव्हा घरोघर जाऊन विचारायचं: आज सुताची एक लड घेता, की पुढच्या अक्षयतृतीयेला दोन घेता? ‘आज’ म्हणेल त्याच्या हातात तिथल्या तिथे लड द्यायची. ‘पुढल्या वर्षी’ म्हणेल त्याचं नाव टिपून घ्यायचं.

हे विचारायला पाठवलं जयंतीला. जयंती वर्तक, बोरिवलीच्या एका मास्तरांची मुलगी, एम.ए. पहिल्या वर्गात झालेली, संस्थेतली सगळ्यात धाकटी. मालाडहून बसनं मार्वे, मार्व्याहून होडीनं मनोरी, असं ती पिशवी घेऊन जात असे. डॉक्टरांचा उजवा हात म्हणून मिरवणारा नंदकिशोर मात्र बंगल्यातच बसून बेरजा-गुणाकार करायच्या यंत्राचा दांडा फिरवी. खाडीच्या वासानं त्याचं डोकं दुखे म्हणे.

घरामागून घर ‘आज’ म्हणालं. डॉक्टरांना आनंद झाला. मी टाइप करता करता जयंतीला विचारलं, अगं, ओळख ना देख, शहरातून कुणी आलं आणि म्हणालं की पुढच्या वर्षी दोन देतो, तर तू थांबली असतीस का? ती हसली नाही. म्हणाली, “तेच तर, बुवा. ते सुताचं उत्तर देतच नाहीयेत. ते माझं तोंड बघून उत्तर देतायत.”

डॉक्टरांना तिनं हे सांगितलंही. ते म्हणाले, मिस वर्तक, भावना बाजूला ठेवा.

मी मनात म्हटलं, सप्ताहात बुवा कथा अर्धी सोडून ‘उरलेली उद्या’ म्हणतात, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी पाय ओढत का होईना जातो. का जातो? आम्ही काही श्रीमंत नाही. बुवा येतात म्हणून जातो. पण हे डॉक्टरांना कोण सांगणार? कीर्तनाला त्यांनी एका निबंधात ‘श्रमशक्तीचा अपव्यय’ म्हटलं होतं, आणि ते शब्द मीच टाइप केले होते.

तर सगळं गाव ‘आज’ म्हणालं, एक घर सोडून. ते घर मथुरेचं. मथुरा आणि तिचा नवरा महादू, दोघांचंच घर. त्यांचं जाळं जुनं झालेलं, मागचा भाग, जिथे मासळी येऊन साठते, तो पार विरलेला. एका लडीनं ठिगळ लागलं असतं. दोन लडींत तो भाग नवा विणून झाला असता. मथुरेनं जयंतीला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, निरखून बघितलं आणि विचारलं, “पोरी, तू येशील ना पुढल्या साला?” जयंती ‘येईन’ म्हणाली. “मंग मी थांबतंव,” मथुरा म्हणाली.

शेजारणी तिला हसल्या. वेडी आहेस, बामणाची पोर काय परत येतेय, असं तोंडावर म्हणाल्या. महादूही कुरकुरला. मथुरेनं कुणाचं ऐकलं नाही. ते वर्ष त्यांनी फाटक्या जाळ्यावर काढलं. निम्मी मासळी भोकातून जाई, आणि किनाऱ्यावर बायका विचारत, काय गं, आली का तुझी मास्तरीण?

इकडे अहवाल तयार होत होता. मथुरेचं उत्तर आधी कोष्टकात होतं. मग डॉक्टरांनी ते तळटिपेत नेलं, ‘एक अपवाद’ म्हणून. मग पान भरलं, तळटीपही गेली.

अक्षयतृतीया जवळ आली तशी जयंती डॉक्टरांपुढे उभी राहिली. दोन लडी हव्यात म्हणाली. डॉक्टरांना आधी आठवेचना की कसल्या. आठवल्यावर त्यांनी नंदकिशोरकडे बघितलं, नंदकिशोरनं अंदाजपत्रकाकडे. त्यात पुढच्या वर्षाच्या सुताची तरतूदच नव्हती. करायची कशाला? कुणी थांबणार नाही हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं ना.

जयंती म्हणाली, मी माझ्या पैशानं घेते. तर तेही नको. संशोधकानं स्वतःच्या खिशातून काही दिलं तर निष्कर्ष बाटतात म्हणे. आमच्याकडे सोवळं फक्त स्वयंपाकघरात असतं, यांच्याकडे कोष्टकातही. शेवटी डॉक्टरच म्हणाले, लंडनचे प्रोफेसर पुढच्या महिन्यात येताहेत, त्यांना मनोरी दाखवायचीच आहे, तेव्हा त्यांच्या हस्ते देऊन टाकू, तोवर दम धरा. जयंतीनं दम धरला. एवढंच नाही, मनोरीला निरोपही धाडला, की जरा उशीर होईल, पण येतेच आहे.

पाहुणे प्रोफेसर आले. लाल, घामाघूम, स्वभावानं बरे. फोटो काढायला म्हणून कॅमेरा देऊन मलाही बरोबर नेलं होतं. नंदकिशोरनं नाकाला रुमाल लावून का होईना, पाहुण्यांच्या खर्चातून घेतलेल्या सुताची पिशवी उचलली. मथुरेच्या ओट्यापुढे आम्ही सगळे उभे राहिलो. ती बाहेर आली, जयंतीला बघून तिचा चेहरा उजळला, आणि तिनं शेजारच्या ओट्यांकडे एकदा मान वळवून बघितलं. मी खरं सांगतो, एवढा अभिमान मी कुठल्या विद्वानाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

डॉक्टरांनी घसा खाकरला. आणि पाहुण्यांना पद्धत दिसावी म्हणून नंदकिशोरला तोच प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. बाई, आज एक लड घेता, की पुढच्या वर्षी दोन?

जयंतीचा चेहरा पांढराफटक पडला. मथुरेनं प्रश्न विचारणाऱ्याकडे बघितलंच नाही, ती जयंतीकडे बघत होती. मग म्हणाली, “आज दे.”

डॉक्टरांनी पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत सांगितलं, की पाहिलंत, हीच बाई गेल्या वर्षी एकमेव अपवाद होती, आणि आता तीही नियमात आली.

तेव्हा जयंती पुढे झाली. स्वच्छ इंग्रजीत पाहुण्यांना म्हणाली, “ही बाई वर्षभर थांबली, सर. गेल्या वर्षीच्या दोन लडी आम्ही दिलेल्या नाहीत. नियमात आली नाही ती. आम्ही आणली तिला.”

पाहुण्यांनी मान डोलावली. मुद्दा रोचक आहे, पण तो वेगळ्या निबंधाचा विषय होईल, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की ही वाळत घातलेली मासळी बारा महिने असाच वास देते का?

जयंतीनं नंदकिशोरच्या हातातून पिशवी ओढून घेतली. दोन लडी काढल्या आणि मथुरेच्या हातात ठेवल्या. नंदकिशोर म्हणाला, अहो, पुढच्या घरांना कमी पडेल. डॉक्टर म्हणाले, मिस वर्तक, तुम्ही सॅम्पल खराब करताय.

मथुरेनं लडी हातात तोलल्या. एक कडेला ठेवली, दुसरी परत जयंतीच्या हातातल्या पिशवीत टाकली.

“घ्या ना मावशी, तुमचीच आहे,” जयंती म्हणाली. तिला रडू फुटत होतं.

“नको,” मथुरा म्हणाली. “आता मी ‘आज’ बोललंय. आजची एक.” आणि ती आत गेली. दार लावलं नाही, पण आम्हाला बसाही म्हणाली नाही.

परतताना होडीत डॉक्टर खुशीत होते. तो निबंध पुढे विलायतेत छापून आला, कोष्टक एकदम स्वच्छ, एकही अपवाद नाही. त्यावर डॉक्टरांना मोठी जागा मिळाली, मग दिल्लीला बोलावणं आलं, आणि तिथे ते देशाच्या पुढच्या पाच-पाच वर्षांचं नियोजन करायला बसले. देवा, तुझी लीला.

जयंतीनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला, तो मीच टाइप केला. निबंधावरून आपलं नाव काढायला सांगितलं. डॉक्टरांनी ते आधीच काढलं होतं. ती बोरिवलीला शाळेत शिकवू लागली. आपल्या पैशानं सूत घेऊन ती एकदा मनोरीला गेलीही. मथुरा भेटली, बरी बोलली, चहा पाजला. सूत घेतलं नाही. एका लडीचं ठिगळ काही टिकलं नव्हतं. महादूनं जाळं मोडीत काढलं होतं आणि तो दुसऱ्याच्या होडीवर मजुरीनं जात होता.

मी देवळात अजून जातो. कीर्तन संपून आरती झाली की जो तो आपापल्या माणसांसाठी हात जोडतो. तुम्ही कुठेही हात जोडाल तेव्हा एक नाव मनात आणा, एवढीच विनंती. मनोरीची मथुरा. सगळं गाव हसत असताना, एका परक्या पोरीच्या शब्दावर जी वर्षभर थांबली, ती.