थोरलीची गाठ जिरली होती

गोष्ट एकोणीसशे चौऱ्याण्णव सालची. दोघी बहिणींचं शिलाईचं दुकान तेव्हा जोरात होतं. थोरली कापायची, धाकटी शिवायची.

त्या वर्षी धाकटीच्या ओटीपोटात दुखू लागलं. सोनोग्राफीत बीजकोशावर गाठ दिसली. बायका सरसकट तिला पिशवीची गाठ म्हणतात.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा गाठी बहुतेक आपोआप जिरतात. पण तुमची जरा मोठी आहे, दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा. पोट वाढायला लागलं तर त्याआधीच या. आणि एकदम जोरात कळ आली, उलट्या झाल्या, तर घरी थांबू नका."

थोरलीने त्यातलं पहिलंच तेवढं ऐकलं. तिलाही मागे अशीच गाठ झाली होती आणि औषधाविना गेली होती. "एका आईच्या लेकी आपण. माझी जिरली, तुझीही जिरेल," ती म्हणाली. दोन महिने उलटले तेव्हा दुकानात मान वर करायला फुरसत नव्हती.

धाकटीला कपडे कंबरेत होईनात.

"ताई, पोट सुटलंय गं माझं."

"सुटेल नाही तर काय! दिवसभर बूड हलवायचं नाही, वर माझ्या डब्यावर डल्ला!"

दोघी खदखदून हसल्या. थोरलीने शिवण उसवून कपडे सैल करून दिले. पुढे पुन्हा एकदा दिले. गिऱ्हाईक बोटभर सुटलं तरी तिच्या नजरेतून निसटत नसे. बहिणीचं मात्र तिला काहीच वाटलं नाही.

एका दुपारी धाकटी मशीनवरच दुमडली. उलटी झाली, अंगाला दरदरून घाम सुटला.

"ताई, दवाखान्यात चल."

"पित्त असेल गं. जरा पड, उतरेल."

संध्याकाळी नेलं, तोवर गाठीच्या वजनाने बीजकोशाला पीळ पडून तो काळा पडला होता. काढावाच लागला.

"दुपारीच आणलं असतं, तर कदाचित वाचवता आला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोरलीने बहिणीचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण पाहिलं भिंतीकडे.

डॉक्टरीणबाई पुढे मुलाकडे राहायला गेल्या. दुकान थोरलीने एकटीने ओढलं आणि डोळे अधू झाल्यावर बंद केलं. उरलेल्या बीजकोशावर धाकटीला उशिरा का होईना, मुलगी झाली. आता धाकटी दूरच्या गावी असते. तिचे फोन येतात, माया तशीच आहे. पण तिच्या घरात कुणी आजारी पडलं, तर थोरलीला कळतं ते सगळं बरं झाल्यावर.