उजव्या हाताचे ठसे

एमिल हुडाकने आजवर दोनशेच्या वर माणसांची नावं बंदुकांवर कोरली, पण स्वतःचं नाव कोरायला त्याला कधी सवड झाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ही नावं हौसेची नव्हेत. कायदाच तसा आहे. रायफलची नळी सोळा इंचांहून आखूड करायची असेल, तर आधी सरकारकडे अर्ज करायचा, फोटो लावायचा, दहा बोटांचे ठसे द्यायचे, दोनशे डॉलरचा शिक्का घ्यायचा आणि सात-आठ महिने वाट बघत बसायचं. ज्याने बनवली त्याचं नाव नि गाव धातूत कोरलेलं असलं पाहिजे. पण तीच बंदूक, तीच आखूड नळी, मागे खांद्याला टेकवायचा दस्ता न लावता हाताला बांधायचा पट्टा लावला की कायद्याच्या डोळ्यांत ती पिस्तूल. मग अर्ज नको, ठसे नकोत, नाव नको. यात शहाणपण काय आहे ते करणारेच जाणोत. कोल्डरन गावच्या नेमबाजी क्लबात यावरून भांडणं झाली नाहीत असा एक शनिवार गेला नसेल.

एमिलचं मत पहिल्यापासून ठाम होतं. आखूड रायफल ती रायफल. पट्टेवाली पिस्तूल म्हणजे पळवाट. पोलादाच्या गिरणीत अवजारं घडवायच्या खात्यात त्याने चाळीस वर्षं काढली, आणि गिरणीला टाळं लागल्यावर कोरायचं जुनं यंत्र उचलून आणून तळघरात बसवलं. कागद मंजूर झाला की माणसं बंदुकीची बॉडी फडक्यात गुंडाळून त्याच्याकडे घेऊन यायची. त्याची अक्षरं भिंगाखाली धरली तरी कड कुठे फाटलेली दिसायची नाही. लोखंडाचा कीस, तेल आणि पॉलिशकागद यांनी त्याच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की फोनचं कुलूप त्याला ओळखायचं नाही. "तुला बोटंच नाहीत मुळी," असं त्याची बायको मार्लीन चिडवायची आणि स्वतःच्या अंगठ्याने त्याचा फोन उघडून द्यायची.

मग एका ऑक्टोबरात, सकाळी बूट घालताना, त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू आला, जीभ वाचली, तोंडही सरळ झालं. हात तेवढा आला नाही. मूठ मिटली ती मिटलीच, आणि कोपर पोटाशी चिकटून बसलं.

या गोष्टीला सतरा महिने झाले होते, तेव्हा व्हर्न ब्लाटनिक तळघराच्या पायऱ्या उतरून आला. व्हर्न आणि एमिल पहिलीपासून एका बाकावर बसलेले, गिरणीत एका पाळीत, क्लबात एका रांगेत. झटका येण्याआधी एमिलने आखूड नळी, बॉडी आणि दस्ता घेऊन ठेवला होता. त्यावर धूळ बसली होती. व्हर्नने खिशातून एक नवा पट्टा काढून त्या सामानाशेजारी ठेवला.

"हे काय?" एमिलने विचारलं.

"वाढदिवसाची भेट."

"माझा वाढदिवस ऑगस्टात असतो."

"मग ख्रिसमसची समज. लेका, पिस्तूलच कर. पट्टा डाव्या हाताला बांधायचा, उचलायची आणि मारायची. एका दुपारचं काम आहे. क्लबात तुझी खुर्ची रिकामी बघून मला आता वीट आलाय. तिथे तो लॅरी बसतो आणि पूर्ण वेळ स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलतो."

"पट्टा लुळ्यापांगळ्यांना."

"निम्म्या क्लबाकडे आहे. ते काय लुळे आहेत?" व्हर्न थांबला. "डोक्याने असतील."

"निघाला कोणासाठी तो? एका हाताने अधू झालेल्या सैनिकासाठीच ना? मला सगळं माहीत आहे, व्हर्न. मला शिकवू नकोस. मी रायफल करणार. दस्ता, खांदा, दोन्ही हात, सगळं रीतसर. आणि नाव मी स्वतः कोरणार."

व्हर्नने एमिलच्या मांडीवर पडलेल्या मुठीकडे पाहिलं आणि लगेच नजर यंत्राकडे वळवली. "आठ महिने लागतील कागदाला."

"लागू देत. तोवर हात येतो. फिजिओथेरपीवाली म्हणालीय."

फिजिओथेरपीवाली तसं म्हणाली होती खरी, पण मागच्या ईस्टरला. त्यानंतर विम्याने तिचं येणं बंद केलं होतं, आणि जाताना तिने जे सांगितलं ते मार्लीनने ऐकलं होतं, एमिलने नव्हतं. त्याला ऐकायचंच नव्हतं. त्याने मनाशी एक सौदा केला होता: सरकारला आठ महिने लागतात, तेवढेच महिने हाताला द्यायचे. मंजुरीचा कागद पत्रपेटीत पडेल त्या दिवशी बोटं उघडलेली असतील. हा सौदा त्याने कोणाला सांगितला नव्हता. मार्लीनला तो न सांगताच कळला होता, कारण ती त्या माणसाबरोबर बेचाळीस वर्षं नांदत होती.

व्हर्नने वाद घातला नाही. कागद हातात येईपर्यंत आखूड नळी आणि दस्ता एका छपराखाली ठेवू नये, नाहीतर नसती आफत ओढवते, अशी या मंडळींची रीत. म्हणून त्याने दस्ता वाणसामानाच्या पिशवीत घातला. "तुझं बाळ माझ्याकडे सांभाळतो," तो म्हणाला. "दोन वेळा दूध पाजीन." पट्टा मात्र त्याने उचलला नाही. तो बाकावरच राहिला.

अर्ज मार्लीनने भरला, कारण एमिलचा डावा हात अजून कोंबडीचे पाय काढायचा. फोटोही तिनेच काढवून आणला. 'काय बनवणार' या रकान्यात तिने आखूड नळीची रायफल असं नीट लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"तुला काही म्हणायचंय?" एमिलने विचारलं.

"मी कशाला काय म्हणू? बंदूक तुझी आहे."

"मग तोंड असं का केलंयस?"

"माझं तोंड असंच आहे. बेचाळीस वर्षांत आज दिसलं होय?"

मार्चमधल्या एका मंगळवारी ती त्याला ट्रकमधून शेरीफच्या ऑफिसात घेऊन गेली. रस्त्याच्या कडेला बर्फ काळं पडून राहिलं होतं, आणि चर्चबाहेर शुक्रवारी मिळणाऱ्या पिएरोगी करंज्यांची पाटी वाऱ्याने तिरकी झाली होती. एमिलने तिला ट्रकमध्येच बसायला सांगितलं. ठसे द्यायला बायको लागते असं कोणी म्हणू नये.

ठसे घेणारी ब्रियाना पंचविशीची होती. तिच्या बापाच्या बंदुकीवरचं नाव एमिलनेच कोरलेलं. तिने आधी डावा हात घेतला. शाई लावली, बोट कार्डावर फिरवलं, आणि तोंड वाकडं केलं.

"मिस्टर हुडाक, तुमची बोटं कोणी पुसून टाकली?"

"चाळीस वर्षं लोखंड," एमिल म्हणाला. खूप दिवसांनी त्याला स्वतःबद्दल काही बरं वाटलं.

तिने बोटांना लोशन चोळलं, पुसलं, पुन्हा फिरवलं. तीन कार्डं वाया गेली. चौथ्यावर अंधूक काहीतरी उमटलं आणि तिने ते चालेल म्हणून सोडून दिलं. "आता उजवा."

एमिलने डाव्या हाताने उजवा उचलून टेबलावर ठेवला. ब्रियानाने अंगठा सोडवायचा प्रयत्न केला. तो इतर बोटांखाली दडपला होता. तिने जरा जोर केला, तशी मूठ आणखी घट्ट झाली. एमिल मनातल्या मनात हाताला हुकूम सोडत होता. मग विनवू लागला. कपाळावर घाम आला, दुसरं काही झालं नाही.

"हरकत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "कार्डावर कारण लिहिता येतं. या चौकटींत लिहिते, हात लुळा—"

"काही लिहू नकोस."

"नुसती नोंद असते, मिस्टर हुडाक."

"लिहायचं नाही म्हटलं ना!" आपण ओरडलो हे त्याला नंतर कळलं. दाराशी उभ्या शिपायाने वळून पाहिलं. एमिलने मूठ डाव्या हाताखाली झाकली. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "बाहेर निळ्या ट्रकमध्ये माझी बायको आहे. तिला बोलव."

मार्लीन आली ती हातमोजे काढतच. तिने काय झालं ते विचारलं नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याचं मनगट धरून तिने हलकेच आतल्या बाजूला वाकवलं, आणि जी मूठ सतरा महिने त्याचं ऐकत नव्हती ती आपली आपण सैल पडली. तिने अंगठा बाहेर काढला, मग तर्जनी, मग एकेक करून उरलेली. "पटकन घे," ती ब्रियानाला म्हणाली. "फार वेळ राहत नाही."

ब्रियानाने एकेक बोट फिरवलं. पाचही झाल्यावर तिने कार्ड उजेडात धरलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अय्या, हे बघा! किती सुंदर आलेत! एक रेघ तुटलेली नाही. इतके स्वच्छ ठसे मी वर्षभरात घेतले नसतील. शाळेतल्या पोरीचे वाटतात."

टेबलावर भिंग होतं. एमिलने ते डाव्या हातात घेतलं आणि कार्डावर वाकला. वरच्या रांगेत बारीक, सारख्या अंतराच्या रेघा, कुठे भोवरा, कुठे कमान. असं काम यंत्रालाही जमलं नसतं. खालच्या रांगेत डाव्या हाताचे पाच मळके डाग. चाळीस वर्षांत त्या उजव्या बोटांना रेघा नव्हत्या. आता सगळ्या परत आल्या होत्या, कारण त्या बोटांनी दीड वर्षात कशालाही हात लावला नव्हता. झिजत होता तो डावा, कारण जगत होता तो डावा. हे त्याला डॉक्टरने सांगितलं असतं तर त्याने मानलं नसतं. पण भिंगाखाली दिसलेलं त्याने आयुष्यात कधी नाकारलं नव्हतं, आणि आता नाकारायला त्याच्याकडे काही उरलं नाही.

"छान आलेत," तो म्हणाला, आणि भिंग खाली ठेवलं.

ट्रकमध्ये बसल्यावर मार्लीनने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"ते मनगटाचं तुला कोणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"फिजिओवालीने. जाताना."

"आणि तू ते कधी करतेस?"

"रोज. नखं तळव्यात रुततात, आत घाम साचतो. धुवावं लागतं."

"मला कसं कधी कळलं नाही?"

"बातम्या लागल्या की तुझा डोळा लागतो. तेव्हा करते."

"सांगायचंस मला."

"काय सांगणार?" ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "तू रोज सकाळी म्हणायचास, आज जरा हलतोय." आणि मग ती रडली. शेरीफच्या ऑफिसासमोर भर अकरा वाजता, नाकाला हातमोजा लावून. एमिलने डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. दुसरा ठेवायला नव्हता.

घरी जाताना ती दोघं व्हर्नकडे थांबली. व्हर्न गॅरेजात होता. एमिल खाली उतरला नाही, काच उतरवून म्हणाला, "तो दस्ता विकून टाक."

व्हर्नला चेष्टा सुचली असणार. त्याला नेहमीच सुचते. त्याने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाला.

शनिवारी दुपारी तो तळघरात आला. एमिल स्टुलावर बसून सांगत होता, व्हर्न आवळत होता. तासाभरात पिस्तूल बाकावर उभी राहिली, मागे तो नवा पट्टा. एमिलने ती डाव्या हातात घेतली आणि पट्टा बांधू लागला. एका हाताच्या माणसासाठी काढलेला तो पट्टा एका हाताने काही बांधता येईना. दोनदा सुटल्यावर त्याने हात व्हर्नपुढे केला. व्हर्नने पट्टा ओढून बसवला.

"घट्ट होतोय का?"

"राहू दे."

एमिलने पिस्तूल उचलून भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरवर नेम धरला. बॉडीची एक बाजू दिव्याखाली कोरी चमकत होती, जिथे तो इतरांची नावं कोरत आला होता. व्हर्नचंही तिथेच लक्ष गेलं. त्याने कोरायच्या यंत्रावरचं फडकं बाजूला केलं.

"अक्षरं तू मांड," तो म्हणाला. "दांडा मी फिरवतो. वाकडं झालं तर शिव्या घाल. हुडाक, कोल्डरन. दहा मिनिटांचं काम."

एमिलने पिस्तूल खाली केली आणि पट्टा सोडवायला हात पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"नको," तो म्हणाला. "पिस्तुलाला नाव लागत नाही."