तिरपा उजेड

राक्षस करण्यात तिचा हात कोणी धरला नसता. संगणकावरच्या खेळांसाठी चेहरे घडवणारा तो स्टुडिओ होता, आणि तिथले शिंगवाले, सुळेवाले, एका डोळ्याचे असे सगळे नग तिच्याच टेबलावर जन्माला यायचे. सहकारी म्हणत, "तुमच्या घरी आरसा भलताच मोठा असणार!" ती हसून सोडून द्यायची. पडद्यावर मातीचा गोळा असतो, हातात पेन. पेन दाबलं की माती खचते, उलट दाबलं की फुगते. हाताला मात्र कधीच काही लागत नाही. इतकी वर्षं या कामात घालवून ही साधी गोष्ट तिच्या अंगवळणी पडली होती, म्हणून लक्षातच राहिली नव्हती.

घरचे तिला चाळिशी उलटली तरी बबडी म्हणायचे. वडील, म्हणजे नाना, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले तेव्हा आई होती, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. मग आईच गेली. त्यानंतर साखरेने आधी त्यांचे पाय धरले आणि मग ती बोटांपर्यंत येऊन पोचली. शर्टाचं एक बटण लावायचं म्हणजे त्यांना खटाटोप व्हायला लागला. बोटं हळूहळू बधिर होणार, किती दिवसांत ते सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगून टाकलं.

त्याच संध्याकाळी नानांनी फोन केला.

"बबडे, तू तोंडं करतेस ना? मग तुझ्या आईचं एक करून दे मला."

"आईचं?"

"अगं, दिसत नाही ना, तिचं तोंड विसरत चाललोय. हात फिरवून बघेन म्हणतो. बोटं चालतात तोवर."

"एवढंच ना नाना? महिन्याभरात आणून देते," ती म्हणाली. आणि अगदी मनापासून म्हणाली. नानांसाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती, फक्त तिच्या पद्धतीने.

आईचा धड फोटो एकच होता. खिडकीशी बसलेली, उजेड एका बाजूने आलेला, आणि त्या उजेडात सुरकुती न् सुरकुती उठून दिसणारी. बबडीने डोकं चार-आठ दिवसांत उभं केलं. माप बरोबर होतं, नाक-डोळे जागच्या जागी होते, पण आई काही दिसेना. उजेड चुकतोय, असं तिने ठरवलं. पडद्यावरच्या त्या डोक्याभोवती दिवे मांडता येतात. एक खिडकीच्या जागी, एक मागे, एक खालून मंद. दिवा जरा इकडचा तिकडे झाला की आईची शेजारीण व्हायची. हाताने सरकवून कंटाळली तेव्हा तिने संगणकाला हुकूम देणारी एक स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे फोटो दाखवायचा, आणि मग दिवे आपले आपणच डोक्याभोवती फिरणार, सावल्या फोटोशी ताडून बघणार, जवळात जवळची जागा धरणार, पुन्हा फिरणार.

झालं, बाई त्यातच रमली. एका दिव्याची स्क्रिप्ट जमली, मग तीन दिव्यांची. मग उजेड मऊ किती हवा, मग भिंतीवरून परत येणारा उजेड कसा धरायचा. काम करणाऱ्याला आपल्याच हुशारीचा लळा लागला की काम कशासाठी काढलं होतं ते बाजूला पडतं. महिना गेला, दुसराही गेला. नानांजवळ राहणारा धाकटा भाऊ अधूनमधून फोन करायचा.

"ताई, झालं का? नाना रोज विचारतात."

"होत आलंय रे. उजेड बसत नाहीये."

"उजेड? नानांना उजेड काय करायचाय?"

"माझ्या कामातलं तू मला शिकवू नकोस," ती फणकारली. भावाने फोन ठेवला. तो तेव्हा भांडला असता तर फार बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

आणि एका दुपारी दिव्यांना जागा सापडली. पडद्यावर आई बसलेली होती, आता मान वळवून "जेवलीस का गं?" विचारेल अशी. बबडी भर ऑफिसात रडली. कोणीतरी पाणी आणून दिलं, सगळे तिच्या खुर्चीमागे गोळा झाले, राक्षसांच्या कारखान्यात माणूस जन्माला आला म्हणून थट्टाही झाली. तिने ते डोकं थ्रीडी छापायच्या यंत्राकडे पाठवलं. पांढरं, कडक, खऱ्या डोक्याएवढं आलं. जुन्या चादरीत गुंडाळून, मांडीवर धरून ती घरी घेऊन गेली.

नाना दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बसले होते. हात दोनदा धुतले होते म्हणे. त्यांनी कपाळावर बोटं टेकवली आणि खाली आणली. पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली.

"बबडे, ही कोण?"

"आई आहे, नाना."

"नाही गं." आवाजात राग नव्हता. "कपाळ तिचं आहे. खाली काही नाहीच. चष्म्याने नाकाशी खळगा पडला होता तो कुठंय? ओठाच्या कडेची घडी? सगळं सोललेल्या अंड्यासारखं लागतंय." मग घाईने म्हणाले, "माझीच बोटं गेली असतील."

बबडीने आपला अंगठा आईच्या गालावरून फिरवला. तो कुठेही न अडखळता हनुवटीपर्यंत घसरला.

"बोटं ठीक आहेत तुमची. चुकले मी," ती म्हणाली.

परत येऊन तिने सगळे दिवे काढले आणि एकच दिवा आईच्या बरोबर समोर आणला. सुरकुत्या पुसल्यासारख्या गेल्या. तिरप्या उजेडात नखाचा ओरखडासुद्धा दरीसारखा दिसतो, म्हणून दिवा फिरवून बघितल्याशिवाय मातीवर विश्वास ठेवू नका, हे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवायची ती कोण? तर हीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तिच्या स्क्रिप्टने काम चोख केलं होतं. चेहऱ्यात जे नव्हतं ते सगळं उजेडातून काढून दिलं होतं.

आता खळगा किती खोल करायचा? फोटो ते सांगेना. तिने डोळे मिटले आणि आईच्या गालावर हात ठेवल्याचं आठवू लागली, आणि तसं काही आठवेना. आई आजारी असताना ती जायची, पण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. आई तिच्या तोंडावरून हात फिरवायची. तिने आईच्या तोंडावरून कधी फिरवला नाही. याचं तिला इतकं वाईट वाटलं की तिने पेन खाली ठेवलं.

मग तिने नानांनाच विचारायला सुरुवात केली. ते फोनवर सांगायचे, "बोटाचं अर्धं पेर बसेल एवढा," "घडी डाव्या बाजूला जास्त." ती तसं कोरायची, गालाचा तेवढाच तुकडा छापून घ्यायची, डोळे मिटून चाचपायची, पुन्हा कोरायची. पडद्यावर अर्धवट कोरलेली आई आता कुरूपच दिसत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पण स्टुडिओचं काम होतंच, आणि हे कामही घाईत होणारं नव्हतं. दिवस जात राहिले. "काय घाई आहे गं, होईल," असं नाना म्हणायला लागले. भावाने विचारायचंच सोडलं. का सोडलं, हे तिने विचारायला हवं होतं. उत्तर ठाऊक होतं म्हणून विचारलं नाही.

अखेर डोकं छापून आलं. तिने डोळे मिटून अंगठा टेकवला, तो नाकाशेजारच्या खळग्यात बसला, आणि तिला हुंदका फुटला. ही आईच होती, उजेडात नि अंधारात.

ती पोचली तेव्हा भाऊ नानांना चहा पाजत होता. कप त्याच्या हातात होता.

"आणलंस? दे, दे," नाना म्हणाले.

तिने डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते घेताना नानांच्या हातात फिरलं, आणि चेहरा बबडीकडे झाला. नानांची बोटं मागच्या अंबाड्यावर पडली. हळूहळू, अगदी काळजीने ती अंबाड्यावरून फिरत राहिली.

"हां! हे बघ, हे तिचं नाक," ते म्हणाले. "आणि हा खळगा. अगदी तीच गं, बबडे. अगदी तीच."

भावाने डोकं फिरवायची खूण केली. तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. फिरवून काय होणार होतं? तिथेही त्यांना काही लागणार नव्हतं, आणि मग त्यांना ते कबूल करावं लागलं असतं. नाना फसत होते की तिला फसवत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"जमलंय ना, नाना?" तिने विचारलं.

"जमलंय म्हणजे काय! आणि वेळेवर आणलंस, ते फार बरं केलंस पोरी."